सुभद्रा कुणाकडून कुणाकडे

मराठी संगीत नाटकातल्या पिढ्यांचा विषय निघाला की लोक आडनावं मोजायला लागतात. पेंढारकर, शिलेदार, देशपांडे. आजोबा, मुलगा, नातू. वर्तमानपत्राला अशी माहिती सोयीची असते, तिची चौकट चांगली होते. मी वसईत राहून लोकलने जाऊन-येऊन नाटकं पाहिली आणि वाडीच्या गणेशोत्सवात हौसेने तोंडाला रंग लावला. एवढ्याच अधिकारावर बोलायचं तर मला वाटतं, आपल्याकडे नटांची पिढी मोजायची असेल तर ती आडनावावरून मोजू नये, भूमिकेवरून मोजावी.

सुभद्रेचंच पाहा. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ 1882 साली रंगमंचावर आलं. पहिली गाजलेली सुभद्रा म्हणजे भाऊराव कोल्हटकर. भाऊराव 1901 मध्ये गेले. चार वर्षांनी किर्लोस्कर मंडळीत नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा दाखल झाला. तोच बालगंधर्व. पुढे सुभद्रा त्यांची झाली, आणि इतकी झाली की 1913 मध्ये त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली तेव्हा सुभद्राही त्यांच्याबरोबर गेली. बालगंधर्व उतारवयाला लागले तेव्हा त्यांच्या सहवासात जयमालाबाई शिलेदार तयार झाल्या. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी 1949 मध्ये ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढली आणि संगीत नाटकाचा पडता काळ अंगावर घेऊन गावोगाव प्रयोग केले. जयमालाबाईंकडून सुभद्रा आली कीर्ती शिलेदारांकडे. कीर्तीताई 2022 च्या जानेवारीत गेल्या.

भाऊराव, बालगंधर्व, जयमालाबाई, कीर्तीताई. या साखळीत रक्ताचं नातं आहे ते फक्त शेवटच्या दुव्यात. आधीच्या दोन सुभद्रा पुरुष, नंतरच्या दोन स्त्रिया. बालगंधर्वांना भाऊरावांसमोर बसून तालीम घेता आली नाही, भाऊराव तेव्हा नव्हतेच. पण पेटी-तबल्याचे साथीदार होते, बरोबर काम केलेले नट होते, आणि भाऊरावांची सुभद्रा डोळ्यांत साठवलेला प्रेक्षक समोर बसलेला होता. नव्या नटाला जुन्या नटाची जागा दाखवून देणारा सर्वांत कठोर मास्तर हा प्रेक्षकच असतो. तो टाळी वाजवतो तेव्हा शिकवतो, आणि वाजवत नाही तेव्हा अधिक शिकवतो.

नाटकातली माणसं यासाठी एक रुक्ष शब्द वापरतात, रिप्लेसमेंट. एखादा नट आजारी पडतो, मालिकेत अडकतो किंवा मानधनावरून बिनसतं, आणि दुसरा उभा राहतो. जाहिरातीत नाव बदलतं. शब्द असा आहे की जणू नळाचा वॉशर बदलला. प्रत्यक्षात नवा नट आधी विंगेत उभा राहून प्रयोग पाहत असतो. संहितेत असतात ती वाक्यं. वाक्य संपल्यावर किती थांबायचं, पाठ कधी फिरवायची, हशा उसळून खाली यायला लागला की नेमकं कुठे पुढचं वाक्य टाकायचं, हे संहितेत नसतं. ते विंगेतून दिसतं. हशा पूर्ण विरेपर्यंत थांबलात तर प्रयोग बसतो, आणि ऐन हशात बोललात तर वाक्य वाया जातं. गाण्याला निदान सूर-तालाची लिपी आहे, हशाला ती नाही.

आमच्या वाडीत हे फार लहान प्रमाणावर का होईना, पण स्वच्छ दिसायचं. गणपतीत नाटक व्हायचं. केळीच्या बागेपलीकडच्या मोकळ्या जागेत बाकांवर फळ्या टाकून रंगमंच, भाड्याने आणलेला पडदा, आणि गावात ज्याची पायपेटी होती तोच पेटीमास्तर. थोड्या अंतरावरच्या ख्रिस्ती गावांत चर्चच्या सणाला नाटकं व्हायची. त्यांची मुलं आमचं बघायला येत, आम्ही त्यांचं बघायला जात असू. आमच्याकडे विनोदी म्हाताऱ्याची भूमिका, नाटक कोणतंही असो, एका काकांचीच. काका पोस्टात नोकरीला होते. त्यांची एक सवय होती, महत्त्वाचं वाक्य बोलण्याआधी धोतराचा सोगा चाचपायचा. लोक सोग्यालाच हसायला सुरुवात करायचे, वाक्य मागाहून यायचं. काकांचे गुडघे गेल्यावर ती जागा त्यांच्या शेजारच्या मुलाकडे आली. तो पँट-शर्टातला साहेब करत होता, सोगा आणायचा कुठून? पहिल्याच प्रवेशात त्याने टायची गाठ चाचपली. बाकांवरची जुनी मंडळी ओरडलीच. काका पुढच्या रांगेत बसून मान हलवत होते. मुलाला हे कोणी शिकवलेलं नव्हतं. बरीच वर्षं तो प्रॉम्प्टिंगला बसायचा, तेवढंच.

या नजरेने पाहिलं तर ललितकलादर्श ही मराठीतली सर्वांत नमुनेदार संस्था. केशवराव भोसल्यांनी ती 1908 च्या पहिल्या जानेवारीला हुबळीत काढली. केशवराव स्वतः लहानपणापासून स्वदेशहितचिंतक मंडळीत वाढलेले, तिथे त्यांची शारदा गाजलेली. 8 जुलै 1921 ला टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्श आणि गंधर्व या दोन प्रतिस्पर्धी मंडळींनी मुंबईत एकत्र ‘मानापमान’ केलं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या संयुक्त प्रयोगाबद्दल आजवर जेवढं बोललं गेलं तेवढं क्वचितच दुसऱ्या कोणत्या एका प्रयोगाबद्दल बोललं गेलं असेल. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 4 ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

मालक-नट गेला की कंपनी फुटायची, हा त्या काळचा रिवाज. ललितकलादर्श फुटली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती चालवली. ते केशवरावांचे ना भाऊ ना मुलगा, कंपनीतले सहकारी. त्यांनी मामा वरेरकरांची नाटकं घेतली. ‘सत्तेचे गुलाम’साठी पु. श्री. काळ्यांनी रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी खोलीसारखी खोली उभी केली. वझेबुवांनी चाली दिल्या. मग बोलपट आला, कंपन्यांची बिऱ्हाडं मोडली, आणि 1937 मध्ये बापूरावही गेले.

त्यांचा मुलगा भालचंद्र तेव्हा पंधरा वर्षांचा होता. केशवराव गेल्यानंतर दोन महिन्यांच्या आत जन्मलेला हा मुलगा. वडिलांकडून गाणं शिकायचं त्या वयात वडील नाहीत. तो शिकला वझेबुवांकडे, वडिलांच्या नाटकांना चाली देणाऱ्या माणसाकडे. वारसा सरळ घरातून आला नाही, शेजारच्या दाराने आला. पुढे हेच भालचंद्र पेंढारकर, सगळ्या नाट्यसृष्टीचे अण्णा. त्यांनी बेचाळीसच्या सुमारास संस्था पुन्हा उभी केली. ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘जय जय गौरीशंकर’ ही नाटकं त्यांच्या काळातली. त्यांचे चिरंजीव ज्ञानेश पेंढारकरही गायक नट. म्हणजे तीन पिढ्या पेंढारकरांच्या, हे खरंच. पण संस्थेच्या पिढ्या मोजायला बसलो तर पहिला माणूस भोसले निघतो, आणि त्याला वगळून ही वंशावळ मांडता येत नाही.

अण्णांना मी पाहिलं ते गिरगावात, साहित्य संघ मंदिरात. वसईकराला साहित्य संघ तसा सोयीचा, चर्नी रोडला उतरलं की केळेवाडी चालत. येताना पाय मोकळे असायचे, जाताना घड्याळ डोक्यावर. आमच्या बाजूच्या प्रेक्षकाची नाटक पाहण्याची एक वेगळी शिस्त असते. तिसऱ्या अंकात नायिकेचं पद रंगात आलं, ‘वन्स मोअर’ मिळाला, की सभागृहातले बाकीचे लोक खूश होतात आणि विरारला जाणारा माणूस मनात वेळापत्रकाची पानं उलटतो. दादर, बोरिवली, भाईंदर, खाडी, नायगाव, वसई. भरतवाक्य आम्ही बरेचदा दारात उभं राहून ऐकलं आहे. अण्णा वेळेचे कडक होते, तिसरी घंटा म्हणजे घंटा. त्यांच्या काटेकोरपणाचं कौतुक पुष्कळांनी लिहिलं. विरार गाडीतल्या माणसांनी लिहिलं असतं तर त्यात कृतज्ञता जास्त असती.

याच अण्णांनी पडद्याआड राहून नाटकांचं ध्वनिमुद्रण करून ठेवलं, स्वतःच्या संस्थेचंच नव्हे, इतरांचंही. ज्याच्या लहानपणी वडिलांचा आवाज बंद झाला त्या माणसाने दुसऱ्यांचे आवाज साठवण्याचा हा नाद लावून घेतला. त्यामागचं कारण मी त्यांना विचारायला गेलो नाही, आणि ते तसं विचारण्यासारखंही नव्हतं. 2015 मध्ये ते गेले.

फ्रान्समध्ये कोमेदी फ्रान्सेझ नावाचं नाट्यगृह आहे, 1680 साली राजाज्ञेने स्थापन झालेलं. तिथल्या भागीदार नटांना मोलिएरच्या काळापासून क्रमाने आकडे देत आले आहेत. नवा नट भागीदार झाला की त्याला पुढचा आकडा. मोलिएर शेवटच्या प्रयोगात ज्या खुर्चीत बसला ती खुर्ची तिथे जपून ठेवली आहे. हे वाचलं की हेवा वाटतो. आपल्या मंडळ्यांतही भागीदार होते, नियम होते, पण बिऱ्हाड पाठीवर. आज हुबळी, उद्या सांगली, परवा नागपूर. आपली कंपनी मोडली की पेट्या-पडदे लिलावात जायचे. खुर्ची ठेवायला आधी घर लागतं. म्हणून आपल्याकडे जे टिकलं ते वस्तूंत टिकलं नाही, माणसांच्या अंगात टिकलं.

तरी मोलिएर आपल्या बिऱ्हाडात आलाच. त्याचं एक प्रहसन इंग्रजीत मर्फीने बेतलं, त्यावरून देवलांनी ‘फाल्गुनराव’ लिहिलं, आणि 1916 मध्ये त्याचं ‘संशयकल्लोळ’ झालं. गंधर्व मंडळीत बालगंधर्वांची रेवती, गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव. संगीत नाटक म्हटलं की लोक डोळे मिटून मान डोलवतात, पण ‘संशयकल्लोळ’ हे मूळचं हसण्याचं नाटक आहे. ‘सौभद्र’ही तसंच. द्वारकेतल्या एका घरातल्या लग्नाचा घोळ आहे तो. अर्जुनाला बहीण द्यायची नाही असं ठरवलेला बलराम, यती समजून त्याच अर्जुनाला मानाने घरात घेतो आणि बहिणीलाच त्याच्या सेवेला लावतो. कृष्णाला सगळं ठाऊक असतं. एवढं धमाल प्रकरण आपण तंबोऱ्यामागे झाकून ठेवलं आहे.

फाल्गुनरावाची साखळी आजही चालू आहे. अलीकडच्या प्रयोगात प्रशांत दामले फाल्गुनराव आणि राहुल देशपांडे अश्विनशेठ. या जोडीत दोन वेगवेगळे रस्ते एकत्र आले. राहुल देशपांडे वसंतराव देशपांड्यांचे नातू. ‘कट्यार काळजात घुसली’मधले वसंतरावांचे खाँसाहेब 1967 पासूनचे. तीच भूमिका नातवाने 2010 मध्ये केली. लोक म्हणाले, रक्त बोलतं. वसंतराव गेले 1983 मध्ये, तेव्हा नातू चार वर्षांचाही नव्हता. त्याच्यापर्यंत आजोबा पोचले ते ध्वनिमुद्रणांतून, गुरूंकडून आणि आठवणी सांगणाऱ्या माणसांकडून. पुन्हा शेजारचं दार. प्रशांत दामले आले ‘टूरटूर’, ‘मोरूची मावशी’ या वाटेने. नाटकाच्या घरातला जन्म नाही, बेस्टमधली नोकरी, आणि 2022 मध्ये साडेबारा हजार प्रयोगांचा टप्पा. गाऊन हसवणारा नट ही जात संपली असं म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे.

‘मोरूची मावशी’ मला या सगळ्या गोष्टीत फार महत्त्वाची वाटते. ‘चार्लीज आंट’ हे 1892 चं इंग्रजी प्रहसन, आचार्य अत्र्यांनी मराठीत आणलेलं. ऐंशीच्या दशकात ‘सुयोग’ या नाट्यसंस्थेने ते पुन्हा काढलं आणि विजय चव्हाण मावशी झाले. लुगडं नेसलेला तो माणूस नाचायला लागला की सभागृहात लोक खुर्च्यांचे हात धरून हसत. पुढे भरत जाधवांनीही मावशी केली. आता मागे वळून पाहा. बालगंधर्वांनी लुगडं नेसलं तेव्हा घरंदाज बायका त्यांच्यासारखी नेसण शिकल्या. नंतर नाटकात स्त्रिया आल्या, आणि लुगडं नेसलेल्या पुरुषाला गंभीर नाटकात जागा उरली नाही. तो फार्समध्ये गेला. बालगंधर्वांचं लुगडं प्रेक्षकाला पुरुष विसरायला लावायचं, मावशीचं लुगडं पुरुष विसरू देत नाही. पण पदर सावरण्याची जी मेहनत आहे ती दोघांची एकच. विजय चव्हाणांच्या मावशीत मला थट्टा दिसली तितकीच जुन्या कंपन्यांची तालीमही दिसली. कुणाला हे म्हणणं अति वाटेल. वाटू दे.

वसई-विरारमध्ये राहून हे सगळं फक्त गिरगाव-दादरचं आहे असं वाटत नाही, त्याचं कारण नालासोपारा. गिरण्यांच्या ब्याऐंशीच्या संपानंतर लालबाग-परळमधली कितीतरी कोकणी कुटुंबं या बाजूला आली. येताना त्यांनी नमन-खेळे, जाखडी, दशावतार आणला. चाळीच्या गच्चीवरून, मग सोसायटीच्या आवारातून, पखवाजाचा आवाज यायला लागला. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’वर या मंडळींइतकं मनापासून मी कुणाला हसताना पाहिलेलं नाही. गावातल्या हौशी नटांच्या फजितीचं ते नाटक. बघणाऱ्यांतले निम्मे स्वतः कधी ना कधी त्या फजितीत सापडलेले. मच्छिंद्र कांबळींनी 1980 पासून तात्या सरपंच रंगवला, प्रयोग पाच हजारांच्या पुढे नेले. ते 2007 मध्ये गेले, त्यांची नाट्यसंस्था ‘भद्रकाली’ चिरंजीव प्रसाद कांबळी चालवतात. तात्या सरपंच मात्र दुसऱ्या नटांकडे गेला. संस्था रक्ताने गेली, भूमिका गुणाने गेली. मला हे वाटप न्याय्य वाटतं.

दशावतारात तर संहिताच नसते. कथा ठरते, पात्रं वाटली जातात, आणि संवाद रंगमंचावर उभे राहिल्यावर सुचतात. नेरूरच्या कलिंगण घराण्यात बाबी, मग सुधीर, मग सिद्धेश अशा तीन पिढ्या राजाचा मुकुट डोक्यावर आला. लिहिलेलं काहीच नाही, तर मुलगा बापाकडून घेतो काय? चाल घेतो, तलवार जमिनीला टेकवण्याची ढब घेतो, आणि समोरच्याने अनपेक्षित प्रश्न टाकला तर वेळ कसा काढायचा हे घेतो. नालासोपाऱ्यातल्या एका प्रयोगात राक्षसाने राजाला मध्येच विचारलं, पाण्याचा टँकर कधी येणार? राजाने दरबारी संथपणाने उत्तर दिलं, आणि पुढची पाचेक मिनिटं कथा नगरपालिकेतच रेंगाळली. मग पेटीवाल्याने सूर धरला आणि सगळे मुकाट पुराणात परतले. ती परत येण्याची वाट कुठे शाळेत शिकवत नाहीत.

आता आमच्याकडे नाट्यगीतांच्या स्पर्धा होतात. विरारला, वसईला, शाळांच्या सभागृहांत. मुलं फार तयारीने गातात, आमच्या पिढीच्या हौशी गायकांहून कितीतरी सुरेल. क्लासवाल्या बाईंनी नोटेशन दिलेलं असतं, मोबाइलवर जुनं ध्वनिमुद्रण ऐकलेलं असतं. बऱ्याचदा मुलाला हे मात्र ठाऊक नसतं की हे पद कोण कुणाला म्हणतो आहे, आणि त्याआधी नेमकं काय बोलणं झालं. पद म्हणजे संवादाचं टोक. संवाद तापत तापत जातो आणि बोलून भागत नाही तेव्हा माणूस गायला लागतो. तो संवाद कापून टाकला की उरतं ते सुंदर गाणं. गाण्यांना मरण नाही. भीती गद्याची आहे. फाल्गुनरावाच्या संशयी नजरेची, बलरामाच्या रागाची. ती उचलणाऱ्यांची रांग मोडली तर नोटेशनवरून परत आणता येणार नाही.

म्हणून गेल्या गणपतीपासून आम्ही चार जुन्या माणसांनी एक उद्योग आरंभला आहे. स्पर्धेत गाणाऱ्या मुलांना घेऊन ‘सौभद्र’मधला एक प्रवेश, गद्यासकट, कापाकापी न करता बसवायचा. तालमी रविवारी संध्याकाळी होतात. तेव्हाच कुणाची परीक्षा असते, कुणाचा क्लास. सुभद्रेला दोन मुली आहेत, दोघी आळीपाळीने करतात आणि एकीची तालीम चालू असताना दुसरी विंगेत उभी असते. हे त्यांना आम्ही सांगितलं नव्हतं. नारद मिळाला, तो बारावीत आहे आणि फार बोलतो, म्हणजे योग्यच आहे. कृष्ण व्हायला चार जण तयार आहेत, त्यावरून थोडं भांडणही झालं. बलरामाला मात्र पद कमी आणि ओरडणं जास्त, म्हणून कोणी तयार होत नाही. टायची गाठ चाचपणारा आमचा तो मुलगा आता साठीला आला आहे. त्याला विचारलं. तो म्हणाला, नातवाला विचारतो.